संरक्षण आदेश मागायचा कसा: घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या एका नागपूरकर बाईचे टिपण

मला मिळालेल्या पहिल्या आदेशात कामाची एकच ओळ होती: "गैरअर्जदाराने अर्जदारास कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये." न्यायमंदिराच्या पायरीवर बसून मी ती चारदा वाचली आणि रडले. वाटलं, सुटले. तीन आठवड्यांनी तो गैरअर्जदार, म्हणजे माझा नवरा, सीताबर्डीला माझ्या ऑफिससमोर, रसवंतीच्या गाडीला टेकून उभा. संध्याकाळचे साडेपाच, माझी सुटायची वेळ. बोलला काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही तसाच, तिसऱ्या दिवशीही.

आदेशाची झेरॉक्स घेऊन मी ठाण्यात गेले. हवालदारांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "ताई, तो रस्त्यावर उभा आहे ना? रस्ता सरकारी आहे. त्रास कोणता दिला म्हणून लिहू?"

तेव्हा मी त्यांच्यावर खूप चिडले. आता वाटतं, जे कागदावर नव्हतं ते त्यांनी तरी कुठून वाचायचं? पुढे आदेशात बदल करून घ्यायला मला पाच महिने लागले. तुमचे ते पाच महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही, एका खाजगी ऑफिसात हिशेब लिहिते. माझा अर्ज २०२२ सालचा. त्यानंतर ओळखीतल्या चौघीजणींसोबत कोर्टात गेले, त्यात बरंच कळलं.

कायद्याचं नाव "कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५". अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ ला. कोर्टात सगळे त्याला "डीव्ही" (डोमेस्टिक व्हायोलन्स) म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, कुणाला समजावत बसावं लागत नाही. हा फक्त बायकोसाठी आहे असं समजू नका. एका घरात राहणारी किंवा राहिलेली आई, बहीण, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्यात राहिलेली बाई, सगळ्यांना तो लागू होतो. आणि हिंसा म्हणजे फक्त हात उचलणं नव्हे. कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार आहेत. पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसा न देणं, दागिने परस्पर गहाण टाकणं हे चौथ्यात येतं. माझ्या अर्जात सगळ्यात भक्कम ठरला तो हाच भाग, कारण बँकेचं स्टेटमेंट खोटं बोलत नाही.

१. आधी जीव, मग अर्ज

आज रात्रीच धोका असेल तर पुढचं वाचू नका, ११२ लावा. महिला हेल्पलाइन १८१. तिथून सखी वन स्टॉप सेंटरपर्यंत पोचता येतं, तात्पुरता निवारा, दवाखाना, समुपदेशन, वकील ही सोय तिथे एका ठिकाणी असते. नागपूर शहर पोलिसांचा भरोसा सेलही आहे.

लागलं असेल तर मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यात जा आणि एमएलसी (मारहाणीच्या इजेची पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या. इथे सगळ्यात मोठी चूक होते आणि ती आपणच करतो. डॉक्टर विचारतात "काय झालं?" आणि आपण म्हणतो "बाथरूममध्ये पाय घसरला". सोबत सासू उभी असते ना! मी दोनदा घसरले होते. दोन्ही केसपेपरवर "घरात पडून इजा" असंच लिहिलं आहे आणि दोन्ही कागद समोरच्या वकिलांनी कोर्टात माझ्याच विरोधात वापरले. डॉक्टरांना एकटीला भेटू द्या म्हणा, आणि कोणी, कशाने, केव्हा मारलं ते सांगा. जखमेचा फोटो काढा, आणि मोबाईलमधून एखाद्या विश्वासातल्या माणसाकडे लगेच पाठवून ठेवा.

मोबाईलचं आणखी एक. तुमच्या फोनमधलं गुगल खातं त्यानेच उघडून दिलेलं असेल तर तुम्ही कुठे आहात ते त्याला घरबसल्या दिसतं. मला हे फार उशिरा कळलं. नवं खातं, नवा पासवर्ड, आणि लोकेशन शेअरिंग बंद. घर सोडायच्या आधी नाही, सोडल्याच्या क्षणी. आधी केलंत तर त्याला संशय येतो.

२. तारखा लिहून काढा

वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "पहिल्यांदा कधी मारलं? नंतर? शेवटचं?" मी म्हटलं, "नेहमीच मारायचा." त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नेहमी" या शब्दाला कोर्टात किंमत नाही. मग मला स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आठवलं. त्यावर मी दुधाचा हिशेब लिहायची: १ लि., दीड, खाडा. ज्या दिवशी मार बसे त्या दिवशी दुधाच्या आकड्याशेजारी एक छोटं फुलीचं चिन्ह. का काढत होते कोण जाणे, कुणाला दाखवायचं तर नव्हतंच. आई ते कॅलेंडर तिथून घेऊन आली, तांदळाच्या पिशवीत गुंडाळून. अकरा फुल्या होत्या. एकेक फुली धरून बसलो: त्या दिवशी कोण पाहुणे होते, मुलाची परीक्षा होती का, पोळा होता का मारबत. नागपुरात तारीख विसरली तरी मारबतीचा दिवस कोण विसरतं! त्या अकरांतल्या सात घटना तारखेसकट उभ्या राहिल्या.

तुमच्याकडे कॅलेंडर नसेल तर सणवार, शाळेच्या तारखा, मेसेज, दवाखान्याची बिलं, गुगल पेची नोंद यांवरून मागे जा. प्रत्येक घटनेला चार ओळी पुरतात: केव्हा, कुठे, काय केलं, कोणी पाहिलं किंवा ऐकलं. नक्की तारीख आठवत नसेल तर "दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात" असं लिहा, अंदाजाने ठोकून देऊ नका. एक तारीख खोटी निघाली की उरलेल्या सहांवरही प्रश्न येतो.

३. कागदांची पिशवी

हे जमेल तसं गोळा करा. सगळं नसलं तरी अर्ज अडत नाही.

- आधार, आणि असेल तर राशन कार्ड
- लग्नाचा पुरावा: प्रमाणपत्र, नसेल तर पत्रिका आणि फोटो
- त्या घरात राहत होता याचा पुरावा: लाइट बिल, गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेचा दाखला, काहीही ज्यावर तुमचं नाव आणि तो पत्ता आहे
- मुलांचे जन्मदाखले
- दवाखान्याचे केसपेपर, एमएलसी, एक्सरे
- ठाण्यात दिलेल्या तक्रारींच्या किंवा एनसीच्या (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीच्या) प्रती
- तुमच्या खात्याचं स्टेटमेंट
- त्याच्या कमाईचं जे हाती लागेल ते: पगाराची स्लिप, कंपनीचं ओळखपत्र, गाडीचा नंबर, कर्जाच्या हप्त्याचा मेसेज
- स्त्रीधनाची यादी, बिलं, आणि दागिने अंगावर असलेले लग्नाचे फोटो

स्त्रीधनाची यादी ठोकळ नको. "सोनं पाच तोळे" असं लिहू नका. "दोन पाटल्या, एक पोत, कानातले जोड दोन, आईने दिलेलं कपाट" असं एकेक लिहा. परत मागताना हीच यादी हातात घेऊन पोलीस किंवा संरक्षण अधिकारी घरात जातात.

व्हॉट्सॲपच्या धमक्यांचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. मूळ मेसेज ज्या फोनवर आले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं (१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३, आधीचं ६५-ब). ते वकील करून देतात, पण फोन तुमच्याकडे हवा.

मूळ कागद कुणालाही देऊ नका. वकिलांनाही झेरॉक्स द्या, मूळ फक्त कोर्टाने मागितल्यावर दाखवा.

४. जायचं कुणाकडे

तीन दारं आहेत आणि तिन्ही शेवटी एकाच मॅजिस्ट्रेटकडे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याकडे, जातात.

पहिलं, संरक्षण अधिकारी. हे महिला व बाल विकास विभागाचे असतात. ते तुमची हकीकत "घरगुती घटना अहवाल" या नमुन्यात लिहून कोर्टात पाठवतात आणि अर्ज करायला मदत करतात. यासाठी पैसे लागत नाहीत. दुसरं, वकिलामार्फत थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे कलम १२ चा अर्ज. तिसरं, पोलीस ठाणं. या कायद्याखाली तुमचे हक्क, संरक्षण अधिकारी आणि मोफत वकील यांची माहिती देणं हे कलम ५ प्रमाणे पोलिसांचं कर्तव्य आहे.

"आधी अहवाल आणा, मग अर्ज घेऊ" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी मॅजिस्ट्रेट आदेश देऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण अहवाल मिळत असेल तर घ्याच.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या आवारात. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोकरी करता म्हणून नाही म्हणत नाहीत. फोनवर विचारायचं तर १५१००. माझे वकील तिथूनच मिळाले. "सरकारी वकील लक्ष देत नाही" असं मला दहा जणांनी सांगितलं होतं. माझे देत होते. ओळखीतल्या एकीला मात्र बदलून मागावे लागले, तसा अर्ज करता येतो.

कोर्ट कोणतं, यावर बराच गोंधळ असतो. नवरा पुण्याला, मारहाण पुण्याला, आणि तुम्ही माहेरी मानेवाड्याला येऊन राहिलात, तर अर्ज नागपुरात चालतो. तुम्ही तात्पुरत्या राहता ती जागाही कलम २७ ला पुरते. माहेर काटोल, उमरेड, रामटेक असेल तर तिथल्या तालुका कोर्टात. दिलेला आदेश मात्र भारतभर लागू होतो.

आणि एक. ठाण्यात किंवा इतर कुठे "आधी दोन-तीन बैठका समुपदेशनाच्या करा, मग बघू" असं सांगतात. तुम्हाला हवं असेल तर जरूर बसा, काहींचं त्यात भलं झालेलं मी पाहिलं आहे. पण अर्ज करण्याआधी ते सक्तीचं नाही. मला एका ठिकाणी बसवून मावशीच्या वयाच्या बाईंनी विचारलं होतं, "काहून वं, एका थापडीसाठी घर मोडतं का कोणी?" थापड एक नव्हती. मी तिथून उठले.

५. अर्जातली मागणी: इथेच वेळ घालवा

अर्जाचा वरचा भाग हकीकतीचा. खालचा भाग मागण्यांचा, त्याला कोर्टात "प्रेयर" म्हणतात. सगळ्या बाया हकीकत वाचून रडतात आणि मागण्या न वाचता सही करतात. मीही तेच केलं.

कोर्ट सहसा तुम्ही मागितलं त्याहून जास्त देत नाही. म्हणून सही करायच्या आधी मागण्या मोठ्याने वाचून घ्या आणि स्वतःला विचारा: उद्या तो नेमकं काय करेल? तुमच्याइतकं त्याला कुणी ओळखत नाही, वकील तर नाहीच. माझा नवरा आता मारणार नव्हता, बदनामीला भितो. तो उभा राहणार होता, चुलतभावाच्या फोनवरून मेसेज करणार होता, मुलाच्या शाळेच्या गेटवर चॉकलेट घेऊन जाणार होता. हे मला माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कलम १८ खाली काय मागता येतं ते पाहा: हिंसा करू नये किंवा दुसऱ्याकरवी करवू नये, तुमच्या नोकरीच्या जागी किंवा मुलाच्या शाळेत येऊ नये, बोलून, लिहून, फोनवर, कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये, संयुक्त खातं, लॉकर, मालमत्ता परस्पर हलवू नये, तुमच्या आईवडिलांना, तुम्हाला मदत करणाऱ्यांना त्रास देऊ नये. याशिवाय "इतर कोणतंही कृत्य" असं एक मोकळं कलम आहे. त्याचाच उपयोग करायचा.

माझ्या दुरुस्त आदेशातली ओळ, नावं वगळून, अशी: "गैरअर्जदाराने स्वतः किंवा अन्य कोणामार्फत अर्जदाराचे राहते घर, तिचे कार्यालय (पत्ता) आणि मुलाची शाळा (नाव व पत्ता) यांच्या प्रवेशद्वाराजवळ जाऊ नये अथवा थांबू नये, तसेच अर्जदाराच्या पुढील दोन मोबाईल क्रमांकांवर कॉल, संदेश अथवा समाजमाध्यमाद्वारे संपर्क करू नये." या ओळीतले दोन शब्द सोन्याचे आहेत: "थांबू नये" आणि "अन्य कोणामार्फत".

नवा पत्ता त्याला कळू द्यायचा नसेल तर अर्ज टाइप व्हायच्या आधी वकिलांना सांगा. अर्जाची प्रत त्यालाही जाते, हे आपल्या डोक्यातून निघून जातं.

बाकीच्या मागण्या थोडक्यात. घराचा हक्क कलम १९ खाली: तुम्हाला घराबाहेर काढू नये, किंवा त्याने दुसरी जागा द्यावी, भाडं द्यावं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुमचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही, हे सतीश आहुजा प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पोटगी, दवाखान्याचा खर्च कलम २०. मुलांचा तात्पुरता ताबा २१. नुकसानभरपाई २२. पोटगी मागताना तुमच्या आणि त्याच्या मिळकतीचं शपथपत्र लागतं. त्यात स्वतःचा पगार लपवू नका. आठ हजार लपवायला जाऊन एकीची पोटगीची मागणी सहा महिने लोंबली.

सगळ्यात महत्त्वाची मागणी राहिली: कलम २३ चा अंतरिम अर्ज. मुख्य अर्जाचा निकाल लागेपर्यंत तात्पुरता आदेश हवा असेल, आणि तो हवाच असतो, तर त्यासाठी वेगळं शपथपत्र जोडावं लागतं. धोका मोठा असेल तर समोरच्याला न ऐकता एकतर्फी आदेशही देता येतो. पहिल्याच दिवशी मुख्य अर्जासोबत हा दाखल झाला का, ते स्वतः पाहा.

६. नोटीस आणि पहिली तारीख

कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, नोटीस दोन दिवसांत बजावायची, आणि निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा असं आहे. प्रत्यक्षात माझी नोटीस बजावायलाच सात आठवडे गेले, कारण मी एकच पत्ता दिला होता. घराला कुलूप. तो बुटीबोरीला कामाला जायचा, रात्री उशिरा यायचा. तीन पत्ते द्या: घरचा, कामाचा, आणि गावाकडचा. मोबाईल नंबरही द्या.

दाखल झाल्यावर केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक मिळतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, कोर्ट, रोजनामा (त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) दिसतो. "वकील फोन उचलत नाहीत" या दुःखावर हा निम्मा उपाय आहे.

तारखेला सकाळी साडेदहाच्या आत पोचा, आकाशवाणी चौकाकडून आलात तर गर्दीतून चालायची तयारी ठेवा. बोर्डावर आपला नंबर पाहून कोर्टहॉलच्या बाहेर बसा, पुकारा होईपर्यंत जागा सोडू नका. डबा आणि पाणी न्या. सोबत कुणी तरी असू द्या, पण भांडणारा भाऊ नको. माझा दादा पहिल्या तारखेला त्याच्या अंगावर धावून गेला. त्याच्या वकिलाने ते लगेच लिहून घेतलं. नंतर मी आईला नेऊ लागले. ती कोपऱ्यात बसून वाती वळायची.

सगळ्यांसमोर बोलायची लाज वाटत असेल तर सुनावणी बंद दाराआड घ्यावी अशी विनंती करता येते, कलम १६.

७. त्याचा "से" आल्यानंतर

तो लेखी उत्तर देतो, त्याला कोर्टात "से" म्हणतात. वाचायची तयारी ठेवा. माझ्या "से"मध्ये मी चारित्र्यहीन, वेडसर आणि आळशी होते, एकाच पानावर. ते सगळ्यांच्याच "से"मध्ये असतं. रात्रभर जागू नका. पेन्सिल घेऊन फक्त कबुलीच्या ओळी खुणा करा. माझ्या नवऱ्याने रागाच्या भरात लिहून दिलं होतं की "अर्जदार स्वतःचा संपूर्ण पगार माझ्याकडे देत असे". वकीलसाहेब हसले आणि म्हणाले, "ताई, आपलं काम त्यांनीच केलं."

मध्ये कधी तरी तडजोडीचा निरोप येतो. सहसा मामेसासरे किंवा एखादे काका असतात, आवाज गोड असतो. तडजोड वाईट नाही. पण कोर्टाबाहेर कोऱ्या कागदावर, स्टॅम्पपेपरवर सही नाही. आणि अर्ज मागे घेण्याची पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) तर वकिलाने समजावल्याशिवाय अजिबात नाही. ठरलं ते लिहून कोर्टासमोर येऊ द्या. एक ओळखीची बाई "पहिले केस काढ, मग घरी घेऊन जातो" यावर विश्वासून गेली. केस निघाली. घराचं दार काही उघडलं नाही. तिला पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागला.

डीव्हीचा अर्ज आणि पोलिसांतली छळाची तक्रार (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, आधीचं ४९८-अ) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही चालू शकतात. एक केली म्हणजे दुसरी झाली असं नाही.

८. आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत कलम २४ प्रमाणे तुम्हाला मोफत मिळते आणि ठाण्यालाही पाठवायची असते. पाठवली असेल यावर विसंबू नका. मी पाच प्रती काढल्या. एक राहत्या घराच्या ठाण्यात, एक ऑफिसच्या हद्दीतल्या ठाण्यात, एक शाळेच्या मुख्याध्यापिकांना, एक संरक्षण अधिकाऱ्यांना, एक पर्समध्ये. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घेतली. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका. "घ्या ताई, ठेवतो मी" म्हणून ड्रॉवरमध्ये गेलेला कागद परत कुणाला सापडत नाही.

आदेश वाचताना बघा की तुम्ही मागितलेलं काय आलं आणि काय गळलं. गळलेलं महत्त्वाचं असेल तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे. परिस्थिती बदलली असेल, जसं माझ्या बाबतीत तो ऑफिससमोर उभा राहू लागला, तर त्याच मॅजिस्ट्रेटकडे कलम २५ खाली बदलाचा अर्ज. माझ्या अर्जाला मी काय जोडलं सांगू? रसवंतीच्या गाडीचे सतरा फोटो, प्रत्येकावर तारीख-वेळ. ऑफिसातल्या शिपाईकाकांनी काढले होते, वरच्या खिडकीतून.

९. आदेश मोडला तर

संरक्षण आदेश किंवा अंतरिम संरक्षण आदेश मोडणं हा कलम ३१ खाली गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे एनसी नाही, एफआयआर. ठाण्यात एनसी लिहायला घेतली तर शांतपणे सांगा, "साहेब, कलम ३१, ३२ बघा." ठाण्यात ऐकलं नाही तर संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे लेखी तक्रार करता येते.

तक्रार लिहिताना आदेशातलं वाक्य आधी उतरवा, मग त्याखाली घटना. दुरुस्त आदेशानंतर दोन महिन्यांनी त्याच्या चुलतभावाच्या नंबरवरून मेसेज आला, "केस मागे घे नाहीतर पोराला घेऊन जाईन." मी त्याच ठाण्यात गेले. हवालदार तेच होते. या वेळी मी आदेशातल्या "अन्य कोणामार्फत" या शब्दांखाली लाल रेघ मारून नेली होती. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं, मेसेज वाचला, आणि काही न बोलता आत साहेबांकडे घेऊन गेले. गुन्हा दाखल झाला.

पोटगी थकली तर मात्र हा रस्ता धरू नका. कलम ३१ संरक्षण आदेशाचं आहे. थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज कोर्टात करायचा. तो पगारदार असेल तर कलम २० खाली कोर्ट त्याच्या मालकालाच पगारातून थेट रक्कम द्यायला किंवा कोर्टात भरायला सांगू शकतं. त्यासाठीच सुरुवातीला कंपनीचं ओळखपत्र जमवायला सांगितलं होतं.

१०. घर बदललं तर

आदेश तुम्ही स्वतः रद्द करायचा अर्ज करेपर्यंत चालू राहतो, दरवर्षी नवा करावा लागत नाही. पण त्यात लिहिलेला पत्ता जुना होतो. मागच्या जूनमध्ये मी त्रिमूर्तीनगरला भाड्याने आले. सामानाचा टेम्पो अजून खाली उभा होता, गादी जिन्यात अडकली होती. मी मुलाला घरमालकीणकाकूंकडे बसवलं आणि आदेशाच्या दोन झेरॉक्स घेऊन आधी नव्या ठाण्यात गेले. तिथली पोरगेली महिला शिपाई कागद उलटापालटा करून म्हणाली, "मॅडम, अजून काही झालं तर नाही ना? मग आत्ताच कशाला?"

"झाल्यावर धावत येईन तेव्हा तुम्हाला वाचायला वेळ नसेल," मी म्हटलं. तिने शिक्का शोधला, शाई वाळली होती म्हणून त्यावर थोडं पाणी टाकलं, आणि माझ्या झेरॉक्सवर पोच दिली.